साडेसातचा रीबेस

शेअरबाजारात चार पैसे गुंतवणाऱ्याचं लक्ष भावावर असतं. बोनस किंवा स्प्लिटचा दिवस सोडला तर आपल्याकडचे शेअर तेवढेच राहतात, म्हणून भाव पाहिला की नफा-तोटा कळतो. अँपलफोर्थ, थोडक्यात अँपल, या क्रिप्टो टोकनमध्ये हीच सवय अंगाशी येते. कशी, ते सावकाश पाहू.

भाव स्थिर ठेवायचा असेल तर पुरवठा हलता ठेवा, हा विचार फेर्दिनांदो आमेत्रानो या इटालियन अभ्यासकाने २०१४ मध्ये ‘हायेक मनी’ या नावाने मांडला होता. २०१९ मध्ये आलेल्या अँपलने तो व्यवहारात उतरवला. लक्ष्य ठरलं २०१९ च्या डॉलरइतकी, म्हणजे महागाई धरून, किंमत. भाव तिच्या बराच वर गेला की प्रत्येकाच्या वॉलेटमधली टोकनं वाढतात, बराच खाली गेला की घटतात. याला रीबेस म्हणतात. तो दिवसातून एकदा होतो, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसातला. कुणी काही विकत घेतलेलं नसतं, तरी काल हजार असलेली टोकनं आज एक हजार पन्नास दिसतात.

ही पन्नास कुठून आली? कुठूनच नाही. टोकनचे नियम चालवणाऱ्या संगणकीय करारातल्या (स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधल्या) खातेवहीत आपल्या नावावर ‘गॉन’ नावाच्या एककांचा एक प्रचंड आकडा लिहिलेला असतो आणि रीबेसने त्याला धक्का लागत नाही. बदलतो तो फक्त भाजक. गॉनना त्या भाजकाने भागलं की वॉलेटमध्ये दिसणारी संख्या मिळते. भाजक सगळ्यांना एकच, त्यामुळे सगळे सारख्याच पटीने वाढतात किंवा घटतात. आपल्या मालकीचा असतो तो एकूण पुरवठ्यातला वाटा, आणि रीबेसने तो तसूभरही हलत नाही.

जुलै २०२० मध्ये भाव तीन डॉलरच्या वर गेला, तेव्हा टोकनंही वाढत होती आणि भावही टिकून होता. सकाळी उठून वाढलेली शिल्लक पाहणाऱ्याला ते व्याज वाटलं तर नवल नाही. पण व्याज कुणीतरी देतं. इथे देणारा कुणी नव्हता. शिल्लक वाढूनही भाव टिकत होता, तो केवळ नवे खरेदीदार येत होते म्हणून.

खरी परीक्षा उतरणीला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे भाव लक्ष्यापासून जितके टक्के दूर, त्याचा साधारण दहावा हिस्सा पुरवठ्यात एका दिवसात बदलायचा. हिशेबासाठी लक्ष्य एक डॉलर धरू. भाव ८० सेंट, म्हणजे रोज दोन टक्के टोकनं कमी. समजा भाव वीस दिवस ८० सेंटवरच खिळून राहिला. भावाचा आलेख सरळ रेषेत, घसरणीचं नावही नाही. पण हजार टोकनांची उरली सुमारे ६६८, आणि ८०० डॉलरचे झाले ५३४. एक तृतीयांश पैसा गेला आणि आलेखावर त्याची खूणही उमटली नाही.

मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट ही वाटते. पुरवठा लवचीक केल्याने जोखीम कमी होत नाही, ती भावातून संख्येत जाते. ‘डॉलरजवळ राहणारं टोकन’ हे शब्द ऐकून बचत सुरक्षित राहील असं समजणाऱ्या माणसाला हे विकत घेण्याआधी, आकड्यांसह, कुणीतरी सांगायला हवं. नियम उघड होते, करार कुणालाही वाचता येत होता. पण सोलिडिटी या प्रोग्रॅमिंग भाषेतला करार वाचून पैसे गुंतवणारे किती असतात?

पुढे अँपल गुंडाळून ठेवणारं ‘डब्ल्यूअँपल’ आलं. त्याची संख्या रीबेसने बदलत नाही, कारण त्याचं एक टोकन म्हणजे अँपलच्या एकूण पुरवठ्याचा एक कोट्यांश ठरलेला वाटा. त्याचा भाव मात्र मोकळेपणी वरखाली होतो. अँपल ठेवणाऱ्याने आपलं काय झालं हे पाहायचं असेल तर अँपलच्या भावाऐवजी या भावाचा आलेख उघडावा.