पासिंगचे टायर

मंचरचे दोघे सख्खे भाऊ. थोरल्याची पिकअप होती. दिवस मावळला की मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या नाहीतर कांद्याच्या गोण्या भरायच्या, खेड, चाकण, तळेगाव करत बोरघाट उतरायचा आणि पहाटेच्या आत वाशी मार्केट गाठायचं. याच गाडीच्या कमाईवर धाकटा अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला आणि जर्मनीत मानहाइमला नोकरीला लागला.

तिथं त्यानं जुनी मोटार घेतली. मागच्या नंबर प्लेटवर एक गोल रंगीत स्टिकर होता. गाडीच्या कंपनीची खूण असेल असं समजून त्यानं चार महिने त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. एके दिवशी शेजारच्या आजोबांनी त्यावर बोट ठेवलं. मधला आकडा वर्षाचा, सगळ्यात वर आलेला आकडा महिन्याचा. त्या महिन्याच्या आत गाडी तपासून घ्यायची. आणि तो महिना चालू आठवड्यात संपत होता.

धाकट्याला हे पटेना. आपल्याकडे पासिंग असतं ते टेम्पो, ट्रक, रिक्षा, बस यांना. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. घरच्या मोटारीची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षं पीयूसीपलीकडे कुणी काही विचारत नाही. इथं मात्र घरच्या मोटारीचीही पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. त्यानं घरी फोन लावला. थोरला म्हणाला, "त्यात काय एवढं? कुणाचे तरी बरे टायर लाव, पास करून घे आन् परत देऊन टाक."

थोरला हे सहज बोलला, कारण त्याच्या एका मित्राच्या शेडमध्ये चार टायर ठेवलेलेच होते. ज्याच्या गाडीचं पासिंग आलं त्यानं ते न्यायचे, काम झालं की संध्याकाळी आणून टाकायचे. नक्षी अजून करकरीत. त्या टायरांनी किती गाड्या पास केल्या याची मोजदाद नव्हती, पण घाट ते एकदाही उतरले नव्हते.

मानहाइमला असे टायर कुठं मिळतात हे धाकट्याला कळलं नाही. तो तशीच गाडी घेऊन तपासणीला गेला. दिवे, हॉर्न, धूर झाला. रोलरवर चढवून ब्रेक पाहिले. मग गाडी वर उचलली आणि तपासनिसानं त्याला खाली बोलावलं. टायर बाहेरून ठीक दिसत होता, आतल्या कडेला झिजला होता. मापात आलं १.४ मिलिमीटर, कायद्याला १.६ हवेत. मग त्या माणसानं चाकाजवळची ब्रेकची रबरी नळी दोन बोटांत धरून वाकवली. सरळ होती तोवर धडकी दिसणारी ती नळी वाकताच उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखी भेगाळली.

गाडी नापास झाली. महिन्याच्या आत दुरुस्त करून परत दाखवायची. "सरकारला पैसे काढायला निमित्त हवं," धाकटा पुटपुटला. तपासनीस रागावला नाही. म्हणाला, हे सरकारनं सुरू केलेलं नाही. याच मानहाइममध्ये १८६५च्या जानेवारीत एका बिअरच्या कारखान्यात वाफेचा बॉयलर फुटला. पुढच्याच वर्षी बॉयलरच्या मालकांनीच एकत्र येऊन संघ काढला आणि आपापले बॉयलर तपासायला इंजिनिअर नेमला. मोटारींची तपासणी पुढं अशाच संघांकडे आली. कायद्यानं ती सक्तीची केली १९५१ साली, म्हणजे बऱ्याच नंतर.

धाकटा त्या रात्री जागाच होता. त्यानं आपले नियम उघडून पाहिले. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत चारचाकीच्या टायरसाठी तोच आकडा होता, १.६ मिलिमीटर. टायरच्या मापापुरता मानहाइम आणि मंचर यांच्या कायद्यात केसाचाही फरक नव्हता.

तो दसऱ्याला घरी आला. अंगणात पिकअप धुऊन पुसून उभी होती. वहिनीनं पूजेचं ताट आणलं, बंपरला बांधायला झेंडूची माळ तयार होती, बाजूला नारळ. आपला माणूस ज्याच्यावर पोट भरतो त्याच्यापुढं हात जोडतो. ही रीत मला मनापासून आवडते. पण त्या अंगणात सगळे गाडीच्या तोंडाशी उभे होते, आणि चाकामागं कुणी पाहिलं नव्हतं.

धाकट्यानं बारदान अंथरलं आणि गाडीखाली शिरला.

"आरं, नवे कपडे हायेत," थोरला म्हणाला. "पासिंग झालंय तिचं. अजून आठ महिने हायेत."

"दादा, जरा खाली ये."

दोघे भाऊ शेजारी शेजारी उताणे झाले. धाकट्यानं मोबाइलची बॅटरी लावली आणि थोरल्याचा हात धरून नळीवर ठेवला. "वाकव." थोरल्यानं वाकवली. मोबाइलच्या उजेडात भेगा दिसल्या, एका भेगेत तेलाचा ओलावा होता. टायरची आतली कड तर बोटाला गुळगुळीत लागली. शेडमधले चार टायर केव्हाच शेडमध्ये परत गेले होते.

थोरला बराच वेळ तसाच पडून राहिला. मग म्हणाला, "परवा पोरीला घेऊन भीमाशंकरला गेलो होतो. पुढं बसली होती."

मिस्त्रीचं दुकान दोन गल्ल्या सोडून. पण दसरा. पाने, पकडी, जॅक सगळं पाटावर मांडून त्यानं हळदकुंकू वाहिलं होतं. "आज हत्यार उचलत नाय, दादा. उद्या सकाळी पहिली तुमचीच."

"रात्री वाशीचा माल भरायचा हाय," थोरला म्हणाला, आणि लगेच स्वतःच थांबला. "नाय. माल दुसऱ्याच्या गाडीत देतो. तू नळी तेवढी बघून घे."

मिस्त्री अंगणापर्यंत आला, बारदानावर आडवा झाला, नळी वाकवून बाहेर आला. काही न बोलता दुकानात गेला. पाटापुढं वाकून नमस्कार केला आणि पाना उचलला. नळ्या बदलेपर्यंत पान्यावरचं कुंकू त्याच्या बोटांना आणि चाकाच्या ड्रमला लागलं होतं.

दिवाळीच्या आधी थोरल्यानं मित्राच्या शेडमधले ते चारही टायर पैसे देऊन विकत घेतले. ते आता पिकअपलाच आहेत. दसऱ्याच्या दिवशी माळ मात्र दुपारी उशिरा चढली, मिस्त्रीनं हात धुतल्यावर.