खेचराचा जोडीदार

टॅप डान्सच्या बुटाला टाचेखाली आणि चवड्याखाली धातूची पत्री ठोकलेली असते. त्यामुळे नाचणाराच वाजवणारा. ठेका हुकला तर तबलजीकडे रागानं बघायची सोय नाही.

हॉलिवूडचा नट डोनाल्ड ओ’कॉनर याच बुटांत वाढला. जन्म १९२५चा, शिकागोचा. घर व्हॉडविलवाल्यांचं, म्हणजे गावोगावच्या थिएटरांत नाच, गाणी, नकला, कसरती असं सगळं एकाच तिकिटात दाखवणारं. वडील मूळचे सर्कशीतले कसरतपटू. ते डोनाल्ड लहान असतानाच गेले. घरचा खेळ चालूच राहिला.

‘सिंगिंग इन द रेन’ या चित्रपटातलं (१९५२) त्याचं ‘मेक ’एम लाफ’ हे गाणं परवा पुन्हा पाहिलं. तो धावत जातो, भिंतीवर पाय देत वर चढतो आणि उलटी कोलांटी मारून खाली उभा. मग दुसरी भिंत, पुन्हा तेच. तिसऱ्या भिंतीला मात्र तो आरपार जातो. पहिल्या दोन भिंतींनी आपल्या कानात ठेका बसवलेला असतो. तिसरीला तो समेवर येणार म्हणून आपण मान डोलवायच्या बेतात, आणि हा सम चुकवतो. अगदी बरोबर जागी चुकवतो. असं चुकायला आधी वर्षानुवर्षं बरोबर नाचावं लागत असणार.

त्या काळात तो दिवसाला चार पाकिटं सिगारेट ओढायचा. हे गाणं झाल्यावर काही दिवस अंथरुणातच होता, आणि परत आल्यावर कळलं की चित्रित झालेली फिल्म खराब निघाली, सगळं पुन्हा करावं लागलं, असं तो मुलाखतींत सांगे. पडद्यावर यातलं काही दिसत नाही.

पण मला त्याचं अवघड काम वेगळंच वाटतं. १९५०पासून त्यानं बोलक्या खेचराचे सहा चित्रपट केले. पहिल्याचं नाव ‘फ्रान्सिस’. ब्रह्मदेशच्या आघाडीवरचा भाबडा सैनिक, त्याला खेचर सगळी माहिती पुरवतं. ‘कुणी सांगितलं?’ असं वरिष्ठ विचारतात. हा खरं सांगतो, आणि वेड्यांच्या वॉर्डात टोपल्या विणायला बसतो. इथं नाच नाही, कोलांट्या नाहीत. खेचर बोलायचं (आवाज चिल विल्सचा), यानं ऐकायचं. खेचराचं वाक्य संपल्यावर किती क्षण गप्प राहायचं, पापणी कधी हलवायची, एवढंच काय ते हातात. पाय जागच्या जागी ठेवूनही तो ठेका धरून असतो. पाहणाऱ्याला मात्र वाटतं, कामं काय ती खेचरच करतंय.

त्यालाही ते टोचलं असावं. आपल्यापेक्षा खेचराला चाहत्यांची पत्रं जास्त येतात, असं म्हणून १९५५मध्ये सहाव्या चित्रपटानंतर त्यानं मालिका सोडली. सातव्यात मिकी रूनी आला. खेचर होतंच.