देणाऱ्या हाताची नियत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूर उद्ध्वस्त केले. काल स्वतः दान देणाऱ्या घरांवर हात पसरण्याची वेळ आली. अशा वेळी घेणाऱ्याला धान्याआधी देणाऱ्याचा हात दिसतो.

संशोधकांना प्रयोगांत आढळले आहे की, वस्तू दुसऱ्यासाठी ठेवताना हात स्वतःसाठी ठेवण्यापेक्षा किंचित सावकाश व उंचावरून जातो. नियत अंतःकरणात असते. पण देह तिची साक्ष देतो.

मग कोणी पाहणारेच नसेल तर? सूरह अबस आठवा. अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते, कपाळावरची आठी त्यांना दिसणे शक्य नव्हते. तरीही अल्लाहने तिची दखल घेतली. सूरह बकरा (२:२६४) बजावते की, उपकार बोलून दाखवल्याने व मन दुखावल्याने सदका वाया जातो. मन केवळ शब्दांनीच दुखावते काय? तुच्छतेने पुढे केलेला हातही तेच करतो.

मात्र केवळ हाताला नम्रता शिकवली, तर तो दिखावा ठरेल. म्हणून जकात देण्यापूर्वी रकमेबरोबर नियतही तपासा. ती शुद्ध असेल, तर हात आपोआप अदबीने पुढे होईल.