हँडब्रेक आणि शेजारधर्म

गाडी चालवतो तो ड्रायव्हर आणि गाडी लावून निश्चिंत झोपतो तो स्थितप्रज्ञ, अशी माझी सोपी व्याख्या आहे. चालवण्यात आता काही राहिलेलं नाही. गर्दीच तुम्हांला पुढं नेते. खरा प्रश्न लावताना येतो. रस्त्यावर निदान पी-१, पी-२च्या पाट्या असतात, तारीख सम की विषम एवढंच बघायचं. पण भरलेल्या वाहनतळावर दुसऱ्याच्या गाडीपुढं आडवी लावायची वेळ आली, की भल्याभल्यांना तत्त्वज्ञानाकडं वळावं लागतं. हँडब्रेक ओढायचा की सोडायचा?

कायद्याचं उत्तर सरळ आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६. सार्वजनिक जागी चालक गाडी सोडून जाणार असेल, तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी दुसरी तजवीज हवी. पण तळावरचे मामा शिट्टी काढून सांगतात, "साहेब, न्यूट्रलला ठेवा, ब्रेक सोडा!" सरकार म्हणतं हलता कामा नये, मामा म्हणतात हलली पाहिजे. आणि पावती मामांच्या हातात.

कांट या तत्त्वज्ञानं १७८५ साली एक कसोटी सांगितली : सगळ्या जगानं पाळावा असं ज्या नियमाबद्दल म्हणता येईल, त्याच नियमानं वागा. कांट रोज पायी फिरायला जाई, म्हणून त्याचं निभावलं. सगळ्यांनी ब्रेक ओढले तर आतली गाडी आतच. सगळ्यांनी सोडले तर उतार कुणाची वाट बघत नाही. एका मंगल कार्यालयाबाहेर अशीच एक न्यूट्रलमधली गाडी कुणीतरी ढकलली आणि ती शांतपणे रसवंतीच्या बाकड्यावर जाऊन टेकली. पाऊस होता म्हणून बाकडं रिकामं होतं, एवढंच.

आणि तरीही. आमच्या सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. ब्रेक, पहिला गेअर, वळवलेली चाकं, सगळं चोख. ते लग्नाला नाशिकला गेले असताना तळमजल्यावरच्या आजोबांच्या छातीत रात्री दोनला कळ आली. मुलाची गाडी नेमकी यांच्या गाडीमागं. बनियनवरच्या पाच जणांनी जोर लावला, गाडी तसूभर हलली नाही. शेवटी रिक्षा मिळाली, आजोबा वाचले. गृहस्थ शहाळी घेऊन भेटायला गेले आणि म्हणाले, "माझं तसं नियमानं बरोबर होतं."

"बरोबरच होतं हो," आजोबा म्हणाले, "म्हणून तर कुणावर ओरडता आलं नाही."

मला त्या दिवसापासून नुसत्या बरोबर असण्याची जरा धास्तीच वाटते. आता नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत 'पार्क'ला टाकलं की चाकं जखडतात; काही गाड्या तर इंजिन बंद केलं की ब्रेकही आपला आपण लावून घेतात. विचार करायची सोयच नाही.

माझी गाडी जुनी, त्यामुळे विचार करावा लागतो. उतारावर मी कुणाला अडवतच नाही, लांब लावून चालत येतो. सपाटीवर न्यूट्रल, चाकाला वीट आणि काचेमागं फोन नंबरची चिठ्ठी. परवा रात्री पावणेबाराला त्या नंबरवर फोन आला. मी सदरा चढवत जिना उतरणार, तोच पलीकडून आवाज आला, "नाही नाही, गाडी राहू द्या. तुमची ती वीट तेवढी घेऊ का?"