माध्यमाचा रकाना

धर्माबादहून बासर जवळच. गोदावरीच्या काठावर ज्ञानसरस्वतीचे देऊळ आहे आणि मुलाला पहिले अक्षर तिथे नेऊन गिरवायला लावायचे, अशी आमच्या भागातल्या अनेक घरांची रीत आहे. ते गाव आज तेलंगणात मोडते. रांगेत पुढच्या बाईच्या कडेवरचे मूल तेलुगूत रडत असते आणि मागचे मराठीत. अक्षर गिरवून झाले की दोघेही सारखेच हसतात. या बाळाचे माध्यम कोणते, असे तिथे कुणी विचारत नाही.

तो प्रश्न मला विचारला गेला हैदराबादेत, २००९ साली, एका छापील अर्जातल्या रकान्यात. त्या रकान्यात मी जे लिहिले त्याचा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही. आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या घरांना तो हिशेब परका वाटणार नाही, म्हणून इथे मांडते आहे.

माझे शालेय शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून झाले. बी.एस्सी. नांदेडला, भौतिकशास्त्र घेऊन. ते अर्थातच इंग्रजीतून. १९९७मध्ये बी.एड. झाले. तेव्हा ते एका वर्षाचे असे. २०१५पासून ते दोन वर्षांचे झाले. लग्नानंतर हैदराबादेत आले आणि एका साध्या इंग्रजी शाळेत दहा वर्षे विज्ञान शिकवले. पगार बेताचा, वर्गात पन्नास-पंचावन्न मुले. पण शिकवण्याचा सराव झाला तो तिथेच.

त्या सुमारास शहराच्या पश्चिमेला नवी वस्ती वाढत होती. 'इंटरनॅशनल स्कूल' हा शब्द हैदराबादला अगदीच नवा नव्हता. १९७२मध्ये पाटणचेरूला कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे 'इक्रिसॅट' केंद्र उभे राहिले. तिथे आलेल्या परदेशी शास्त्रज्ञांच्या मुलांसाठी शाळा निघाली ती याच गरजेतून. मुळात अशा शाळा फिरत्या नोकरीच्या आईबापांसाठी असत. जिनिव्हात १९६८ साली 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' ही संस्था स्थापन झाली, तिचाही हेतू तोच होता: मूल देश बदलेल, पण त्याचे शिक्षण तुटू नये. पुढे माहिती तंत्रज्ञानाचा पैसा आला आणि हैदराबादेतल्या अशा शाळांची बहुतेक बाके इथल्याच मुलांनी भरली. परदेशातून आलेल्या मुलासाठी निघालेली शाळा परदेशी जाणाऱ्या मुलाची शाळा झाली.

या शाळांत शिक्षक कसे होतात, हे मला आजही पुष्कळ जण विचारतात. विषयातली पदवी, शक्य तर पदव्युत्तर पदवी, बी.एड. आणि दोन-तीन वर्षांचा अनुभव, एवढे बहुतेक जाहिरातींत असते. आयबी स्वतः कोणती एक पदवी सक्तीची करत नाही. मात्र शिक्षकांनी आपल्या मान्यतेची प्रशिक्षणे घ्यावीत असा तिचा शाळांना आग्रह असतो. केंब्रिजच्या अभ्यासक्रमासाठीही प्रशिक्षणे असतात. मुलाखतीपेक्षा नमुना पाठ महत्त्वाचा. तिथे तुम्ही किती बोलता यापेक्षा मुले किती बोलतात, हे मागे बसलेले लोक मोजतात. परदेशी जायचे तर पदवीच्या कागदांवर आधी राज्याचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, आणि काही आखाती देशांसाठी वर वकिलातीचाही शिक्का लागतो. ब्रिटिश विद्यापीठांचे घरबसल्या करता येणारे अध्यापनाचे अभ्यासक्रमही आहेत, पण त्यातून तिथल्या सरकारी शिक्षकाचा दर्जा आपोआप मिळत नाही, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे. २०२३च्या फेब्रुवारीपासून इंग्लंडने भारतासह काही देशांतल्या गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांना त्या दर्जासाठी अर्ज करण्याची वाट मोकळी केली आहे.

हे सगळे शिकून घेता येते. न शिकता येणारी एकच गोष्ट माझ्यासमोर उभी राहिली: 'शालेय शिक्षणाचे माध्यम'.

नोकऱ्या जुळवून देणाऱ्या एका माणसाच्या छोट्याशा कार्यालयात मी अर्ज भरत होते. मी 'मराठी' लिहायला लागले तसा तो म्हणाला, "मॅडम, इंग्लिश लिहा. मराठी पाहिलं की अर्ज बाजूला ठेवतात. दहावीचा मेमो कोण उघडून बघतंय? आणि तुमचं कॉलेज तर इंग्लिशमध्येच झालंय ना?" त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. आपल्या माणसाला खड्डा दाखवावा तसे तो सांगत होता. मुलाच्या शाळेची फी डोळ्यांपुढे होती. मी 'इंग्रजी' लिहिले.

नोकरी लागली ती पाठ चांगला झाल्यामुळे, असे मी स्वतःला अनेकदा सांगितले आहे. आणि ते खोटेही नाही. अपवर्तनाचा पाठ होता. पाण्याच्या पेल्यातली पेन्सिल वाकडी दिसते, एवढ्यावरून मुलांनाच प्रश्न विचारायला लावले. ही हातोटी माझ्या मराठी शाळेतल्या गुरुजींची. प्रयोगशाळा नव्हती, तर त्यांनी बादलीतल्या काठीवर तो पाठ घेतला होता. पुढे लक्षात आले की मी भौतिकशास्त्र दोनदा शिकले आहे, एकदा मराठीतून आणि एकदा इंग्रजीतून. 'जडत्व' हा शब्द स्वतःच अर्थ सांगतो. त्याचा इंग्रजी प्रतिशब्द आम्हाला घोकावा लागला. त्यामुळे कुठल्या शब्दापाशी कल्पना अडते आणि कुठे नुसती भाषा अडते, हे मला ओळखता येई. घरी तेलुगू बोलणारे मूल उत्तर येत असून गप्प बसले, तर ते गप्प बसणे माझ्या ओळखीचे होते. म्हणजे जे मी रकान्यात लपवले, त्याच भांडवलावर माझी नोकरी चालली होती.

शाळेच्या भिंतीवर विद्यार्थ्याने कसे असावे याचे दहा गुण लावलेले होते. त्यात एक होता 'तत्त्वनिष्ठ'. त्याखालून मी रोज वर्गात जाई. आणखी एक गंमत अशी की मातृभाषेचा मान राखावा, असे हा अभ्यासक्रम आग्रहाने सांगतो. प्रत्येक शाळेने आपले भाषाधोरण लिहून ठेवायचे असते. शाळेत शिकवणारे कुणी नसले तरी विद्यार्थ्याला आपल्या भाषेचे साहित्य स्वतः अभ्यासून परीक्षेला बसण्याची सोयही त्यात आहे. मुलांच्या मातृभाषेला उत्तेजन आणि शिक्षकांच्या मातृभाषेला रकान्याची चाळण. यात आयबीचा दोष नाही. ती चाळण आम्ही इथेच विणली.

सात वर्षांनी, २०१६मध्ये, मी निवडीच्या मंडळावर होते. एका मुलीचा अर्ज आला. गाव आमच्याच पट्ट्यातले. एम.एस्सी.ला उत्तम गुण, बी.एड., तीन वर्षे अनुभव. माध्यमाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'मराठी'. मंडळातले एक गृहस्थ म्हणाले, "पालकांना उच्चार चालायचे नाहीत." कुणी वाईट बोलले नाही. अर्ज दुसऱ्या गठ्ठ्यात गेला. त्या मुलीला पाठ घेण्यासाठी बोलावलेसुद्धा नाही.

बोलण्याची वेळ तीच होती. "मीही मराठी शाळेतलीच आहे, आणि माझे उच्चार सात वर्षे चालले आहेत," एवढे एक वाक्य पुरले असते. पण ते वाक्य मी २००९ सालीच विकून टाकले होते. मी पाणी प्यायले आणि पुढचा अर्ज उघडला.

त्या रात्रीपासून मी या प्रश्नाचा नीट विचार करू लागले. आपल्या परंपरेत दोन विद्यार्थ्यांच्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही खरे तर प्रवेशअर्जाच्याच गोष्टी आहेत. सत्यकामाला गुरूने गोत्र विचारले. आईने सांगितलेले त्याने जसेच्या तसे सांगितले: गोत्र ठाऊक नाही, मी जबालेचा मुलगा. गौतमांनी त्याला ठेवून घेतले. कर्णाने परशुरामांपुढे स्वतःला ब्राह्मण म्हणवले, विद्या मिळवली, आणि ऐन वेळी ती आठवणार नाही असा शाप घेऊन परतला. आपण मुलांना तात्पर्य सांगतो की खरे बोलावे. पण दोघांच्या नशिबात फरक पडला तो नुसत्या खरे-खोटेपणाने नव्हे. एकाला गौतम भेटले, दुसऱ्याला परशुराम. कर्णाने खरे सांगितले असते तर विद्या मिळाली असती का? जो प्रश्नच अन्यायाचा आहे, त्याला खरे उत्तर देण्याचे ऋण माणसावर असते का?

मी पुष्कळ दिवस या युक्तिवादाच्या आडोशाला बसले. प्रश्न अन्यायाचा होता यात शंका नाही. बासरपासून हैदराबादपर्यंत माध्यम ही वस्तू किती वेळा बदलली ते पाहावे. १९१८मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यक, कायदा, अभियांत्रिकी सारे उर्दूतून शिकवत; त्यासाठी पुस्तके भाषांतरित करणारा स्वतंत्र विभाग होता. मराठवाड्यातली मुले तिथे जाऊन उर्दूतून शिकली. १९४८ साली संस्थान गेले आणि तिथे उर्दूच्या जागी इंग्रजी आली. म्हणून त्या लोकांची विद्या एका रात्रीत खोटी ठरली काय? माझे आजोबा उर्दूतून शिकले, वडील मराठीतून, मी निम्मी मराठीतून निम्मी इंग्रजीतून, मुलगा सगळाच इंग्रजीतून. चार पिढ्या, तीन माध्यमे आणि घरातली बोली एकच. माध्यम राजवट ठरवते, नाहीतर बाजार ठरवतो. त्यावरून माणसाची शिकवण्याची लायकी ठरवणे हा अडाणीपणाच.

तेव्हा शाळेला मी काही देणे लागत होते, असे मला आजही फारसे वाटत नाही. तिला चांगली शिक्षिका हवी होती, ती मिळाली. पण खोट्याचा हिशेब फक्त विचारणारा आणि सांगणारा या दोघांत संपत नाही, हे मला त्या मुलीच्या अर्जाने शिकवले. मराठी शाळेतली बाई असे शिकवू शकते, याचा जिवंत पुरावा त्या इमारतीत सात वर्षे वावरत होता, आणि मी तो पुरावा रोज दडवत होते. आमच्यासारखी किती माणसे या शहरातल्या शाळांत असतील? प्रत्येकाने 'इंग्रजी' लिहिले, म्हणून रकान्याला वाटत राहिले की आपण बरोबर आहोत. अन्यायी प्रश्नाला दिलेले खोटे उत्तर त्या प्रश्नालाच बळ देते. कर्णाच्या कथेतला खरा शाप मला इथे दिसतो: चोरून मिळवलेली विद्या नेमकी दुसऱ्यासाठी उभे राहण्याच्या वेळी कामी येत नाही.

यावरून मी कुणाला सांगत नाही की अर्जात खरेच लिहा आणि उपाशी राहा. पोटाची अडचण असलेल्या माणसाला लांबून सत्याचा उपदेश करणे सोपे असते. २००९ सालची ती बाई आज समोर आली, तर तिला रागे भरायचे धैर्य मला होणार नाही. मी एवढेच म्हणेन की बाई, आत शिर, पण दार लोटून घेऊ नकोस. पाय रोवले की पहिल्या संधीला खरे सांग. माझी चूक लिहिण्यात जेवढी होती, त्याहून अधिक सात वर्षे तशीच राहू देण्यात होती.

पुढच्या आठवड्यात मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. पदव्या खऱ्या आहेत ना, एवढे त्यांनी विचारले. मग म्हणाले, अर्जात दुरुस्ती करून सही करा. मी मनाशी राजीनामा लिहून गेले होते. तो तसाच परत आणला. त्या मुलीला बोलवा, अशी विनंती केली. पण ती जागा भरली गेली होती. तिचा पत्ता माझ्याकडे नव्हता, आणि कार्यालयातून तो चोरून घेणे मला योग्य वाटले नाही. ती आज कुठे शिकवते, शिकवते की नाही, मला माहीत नाही. हे देणे फिटण्यासारखे नाही.

रकाना अजून आहे. तो काढा म्हणून मी दोनदा लेखी दिले, दोन्ही वेळा पाहू म्हणाले. पण तेव्हापासून मंडळावर बसले की अर्ज उघडण्याआधी मी सहकाऱ्यांना माझी शाळा सांगते: जिल्हा परिषद, धर्माबाद, मराठी माध्यम. कुणी हसते, कुणी मान डोलावते. त्यानंतर दोन अर्ज दुसऱ्या गठ्ठ्यातून परत पहिल्यात आले. दोघींनीही नमुना पाठ घेतला. एकीची निवड झाली, एकीची नाही. तिचा पाठ खरोखरच कच्चा होता, आणि तसे मीच लिहिले.

गेल्या वसंतपंचमीला भाचीच्या मुलाला घेऊन बासरला गेलो. देवळात मोठी गर्दी. मुलाला अक्षर गिरवायला मांडीवर घेतले, तेव्हा शेजारच्या तेलुगू आजीबाईंनी मला विचारले, याला कोणत्या शाळेत घालणार? भाची माझ्याकडे पाहू लागली. तिच्या घरात तोच वाद चालू आहे, आणि मी इंग्रजीच्या बाजूने बोलेन असे तिने धरले होते. मी म्हटले, कुठेही घाल. पण तो कुठून शिकला हे सांगायची त्याला लाज वाटणार नाही, एवढे घरात बघ.