घामाचा हिशेब



सप्टेंबर 1986. मद्रासच्या चेपॉक मैदानावर ऑस्ट्रेलियाचा डीन जोन्स खेळत होता. उन्हाची काहिली, दमट हवा, पायांत गोळे, उलट्या. तरीही त्याने 210 धावा काढल्या. नंतर त्याला रुग्णालयात नेऊन सलाइन लावावं लागलं. त्याच्या जिद्दीला सलाम करू या. पण तिची शरीराने मोजलेली किंमतही लक्षात ठेवू या.

घाम म्हणजे नुसतं पाणी नव्हे. व्यायामानंतर वाळलेल्या काळ्या टी-शर्टवर पांढरी रेघ दिसते ना, ते अंगातलं मीठ. सरावाआधी आणि नंतर वजन करून पाहा. एक किलो घटलं, तर जवळजवळ एक लिटर घाम गेला असं समजा. मात्र तासन्‌तास धावताना नुसतं पाणीच भरमसाट प्यायलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. तेही जिवावर बेतू शकतं. म्हणून तहानेप्रमाणे, घोट घोट प्यावं. खूप घाम गेला, तर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत घ्यावं.

आणि प्रशिक्षकांनो, सरावात पाणी मागणाऱ्या मुलाला कच्चा म्हणू नका. त्याच्या हातात बाटली द्या.