बारशाचे नाव आणि त्याची अक्षरे

गंगाखेडच्या अलीकडे एका गावी ज्येष्ठ महिन्यात प्रवचन होते. आरती झाली, बुक्का लावून माणसे उठली, आणि एक आजोबा आपल्या मुलाला हाताशी धरून पुढे येऊन बसले. घरात नातू झालेला, अडीच महिन्यांचा. बाराव्या दिवशी व्हायचे बारसे अजून अडलेले. आजोबा म्हणाले, “महाराज, माझ्या बापाचं नाव ग्यानोबा. तेच लेकराला ठेवायचं.” मुलगा म्हणाला, “नाव जुनं झालं. शाळेत पोरं ‘ग्यान्या’ म्हणून चिडवतील. ज्ञानेश ठेवू. आणि बाबांचं ऐकायचंच तर ज्ञ लिहू, ग नको. ग्यानोबा लिहिलं तर मास्तर लाल शाई मारतील.” आजोबा ग सोडायला तयार नाहीत. “आमच्या बापाच्या कागदावर गच हाय. तुम्ही तेवढं सांगा, शुद्ध कोणतं?”

मला एस.टी. गाठायची होती. “भाव शुद्ध असला म्हणजे झाले,” असे काहीतरी बोलून मी उठलो. गाडीत बसल्यावर वाटले, त्यांनी विचारले एक, आपण सांगितले भलतेच. भाव शुद्ध असावा हे त्या आजोबांना मी सांगावे काय? त्यांची पंढरीची वारी माझ्या वयाइतकी जुनी. तेव्हा ते उत्तर आज येथे पुरे करतो.

प्रथम त्या ग ची गोष्ट. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता व दफ्तर उर्दूत चाले. त्या लिपीत ज्ञ हे अक्षर नाही, आणि उर्दू बोलणारा माणूस ज्ञान शब्दाचा उच्चारच ‘ग्यान’ असा करतो. मग कारकुनाने ग्यानोबा लिहिले यात त्याचेही चुकले नाही आणि म्हाताऱ्याचेही नाही. मूळ संस्कृतात ज्ञ म्हणजे ज आणि ञ. मराठी तोंडात त्याचा ‘द्न्य’ झाला, हिंदीत ‘ग्य’ झाला. आणि आपण वारकरी? पोथीसमोर बसलो की ज्ञानेश्वर म्हणतो, आणि टाळ हातात घेऊन वाटेला लागलो की ग्यानबा-तुकाराम म्हणतो! शेगावची पालखी परभणी-गंगाखेडच्या रस्त्याने जाते तेव्हा ऐका, त्या गजरात ज्ञ शोधून सापडायचा नाही. माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशास गीतेवरची टीका पुरी केली, तीत ते स्वतःला ज्ञानदेव म्हणवतात. ज्ञानेश्वर, ज्ञानोबा, ग्यानबा ही रूपे लोकांच्या प्रेमाने रुळली. म्हणून आजोबांच्या ग ला अशुद्ध म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

पोखर्णीचे नृसिंह हे आपल्याकडच्या पुष्कळ घरांचे दैवत. त्या देवाच्या नावाची माणसे मोजा. कोणी नृसिंह, कोणी नरसिंह, कोणी नरसिंग, कोणी नरहरी. देव एक, ओ देणारे चार.

आता मुलाची भीती, पोरे ग्यान्या म्हणतील ही. ती खोटी नाही. पण गंगाखेडच्या माणसाने जनाबाईच्या दुसऱ्या घराकडे पाहावे. ही आपल्या गंगाखेडची लेक पंढरीस दामाशेटींच्या घरी राहिली आणि नामदेवरायांच्या संसारात वाढली. त्या घरातल्या पोरांची नावे कोणती? नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव. आणि घरात काय म्हणत? नारा, विठा, गोंदा, म्हादा. संतांच्या मालिकेतही ती अशीच मोडक्या रूपाने बसली आहेत. खुद्द नामदेवराय नामा झाले, नामया झाले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत, तेथे ते ‘नामदेउ’ आहेत. नाव जिभेवर घासले की झिजायचेच, पायरी झिजते तसे. आईने विठा म्हटले तर त्यात विठ्ठल उणा होत नाही. चिडवण्यासाठी म्हटलेला ग्यान्या मात्र वेगळा, आणि तो ज्ञानेश ठेवल्याने टळेल असेही नाही. पोरांना नाव मोडायला निमित्त लागत नाही.

अशी शंका येईल की, देवाला कसेही चालते तर अक्षरांचा एवढा खल कशाला? याचे समाधान मी माझ्या घरच्या गोष्टीने करतो. माझे वडील जुन्या उताऱ्यावर ग्यानोबा, शाळेच्या दाखल्यावर ज्ञानदेव, आणि बँकेच्या पुस्तकात इंग्रजीत तिसरेच काही. ते वारले. दीड एकराला वारसाची नोंद लावायची, तर कचेरीत विचारणा झाली, “यातले तुमचे वडील कोणते?” दोन पावसाळे मी हेलपाटे घातले. शेवटी मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र केले की ही तिन्ही नावे एकाच इसमाची आहेत. सही करताना डोळ्यांत पाणी आले. ज्याची सहस्र नावे आपण रोज घेतो त्याचे एकपण कोणी विचारत नाही, आणि ज्या बापाने मला खांद्यावर बसवून चंद्रभागा दाखवली, त्याचे एकपण मला शिक्क्याने शाबीत करावे लागले. देवाच्या दारी भाव चालतो, कचेरीच्या दारी अक्षर चालते. दोन्ही दारे आपल्यालाच चढायची आहेत.

तेव्हा व्यवहाराचे ऐका. जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यायची असते. नाव ठरले नसले तरी नोंद होते. नंतर बारा महिन्यांच्या आत नाव फुकट लावता येते, आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, मतदारयादी या सर्वांसाठी जन्माचा दाखला हाच पुरावा धरला जातो. म्हणजे तेथे चुकलेले अक्षर आयुष्यभर पाठीशी. ग लिहा की ज्ञ लिहा, पण एकच लिहा. इंग्रजीतही तसेच. ज्ञानोबाचे स्पेलिंग कोणी ‘डी’ने सुरू करतो, कोणी ‘जी’ने, कोणी ‘जे’ने. एक ठरवून चिठ्ठीवर लिहून ग्रामपंचायतीत न्यावे, तोंडी सांगून येऊ नये. मला विचाराल तर या पोराच्या कागदावर ज्ञ लिहावा, कारण आजच्या पुस्तकात त्याला तोच भेटणार. आणि आजोबांनी हाक ग ने मारावी.

कोणी म्हणाले होते, मूल हस्त नक्षत्राचे आहे, त्याची अक्षरे पू, ष, ण, ठ. ण वरून नाव कोणी ठेवून दाखवावे! सत्तावीस नक्षत्रांची चार-चार चरणाक्षरे मिळून एकशेआठ होतात, आपल्या तुळशीमाळेच्या मण्यांइतकीच. राशीचे नाव पत्रिकेत असू द्यावे, हाकेचे नाव त्याने अडवू नये.

कारण नाव ठेवायचे ते हाकेसाठी. भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ आठवा. आचार सोडलेला, म्हातारपणी दहावा मुलगा झाला, त्याचे नाव नारायण ठेवले. नारायणा, जेव. नारायणा, पाणी पी. नारायणा, पडशील. दिवसभर तेच. यमदूत दिसले तेव्हा त्याला वैकुंठीचा नारायण आठवला नाही, अंगणात खेळणारा पोरगा आठवला. सवयीने हाक गेली आणि विष्णुदूत आले. पुष्कळ कीर्तनकार येथे थांबतात. पुराण थांबत नाही. अजामिळ वाचला, मग पस्तावला, घर सोडून गंगाद्वारी गेला आणि तेथे त्याने साधन केले. तेव्हा लेकराला देवाचे नाव ठेवले की तरलो, असा हिशेब नाही. पण त्या घरात नाव रोज प्रेमाने उच्चारले जात होते, हे खरे. याच्या उलट पाहा. साताऱ्याकडे २०११ मध्ये नकुसा, म्हणजे नकोशी, नाव असलेल्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावे दिली. ज्या पोरीला रोज नकोशी म्हणून जेवायला बोलावले, तिच्या पोटात काय जात असेल?

एक गोष्ट त्या रात्री मी विचारलीच नाही, याची खंत आहे. आजोबा बोलले, बाप बोलला, मीही बोललो. लेकराची आई कोठे होती? माहेरी, मानवतला. तिला विचारले होते काय? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचे नाव घातले आहे. आधी मुलाचे, मग आईचे, मग बापाचे, मग आडनाव. आपण पुरुष असलेल्या ज्ञानोबांना माउली म्हणतो, विठोबाला विठाई म्हणतो, आणि माउलीचे नाव ठेवताना घरच्या माउलीला ओसरीवर बसवत नाही.

आषाढी आटोपून परतताना परभणीच्या स्थानकावर तो मुलगा भेटला. म्हणाला, बारसे झाले. बायकोला विचारले, तर ती म्हणाली ज्ञानोबाच ठेवा, ज्ञ ने लिहा. मात्र घरातल्या कोणी ग्यान्या म्हणायचे नाही. आत्याने कानात कुर्र करून तेच नाव सांगितले. मी विचारले, “आजोबा?” तो हसला. अट आजोबांनाच जड जाते आहे. लाडात ग्यान्या निघून जाते आणि सुनेकडे पाहून स्वतःच कान धरतात.